स्वायत्तता, स्वराज्य आणि स्वशासन

प्रश्न : ग्रामपंचायतीला 'स्थानिक स्वराज्य संस्था' म्हणतात, आदिवासी भागांतील पंचायतींविषयीच्या पेसा कायद्याच्या चर्चेत 'स्वशासन' हा शब्द येतो आणि महाविद्यालयांना 'स्वायत्तता' मिळते. या तिन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे का?
– एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : अर्थ जवळचे आहेत, एक नाहीत. स्वायत्तता म्हणजे वरच्या सत्तेने आखून दिलेल्या मर्यादेत निर्णय घेण्याची मुभा. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम ठरवते, परीक्षाही घेते, पण पदवी विद्यापीठाचीच असते. स्वराज्य हा शब्द मराठी माणसाच्या मनात शिवकाळापासून रुजलेला असून लोकमान्यांनी १९१६ साली होमरूल चळवळीतून तो घरोघरी पोहोचवला. पुढे 'स्थानिक' हे विशेषण लागून तो जिल्हा परिषदेपासून ग्रामपंचायतीपर्यंतच्या निवडून आलेल्या संस्थांसाठी रूढ झाला.

स्वशासनात मात्र ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्यांनीच तो घ्यायचा आणि अमलातही आणायचा असतो. म्हणूनच १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात (आदिवासीबहुल म्हणून घोषित झालेल्या भागात) ग्रामसभेला, म्हणजे गावातील सर्व मतदारांच्या सभेला, केंद्रस्थानी ठेवले. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने या शब्दाचा अर्थ जगून दाखवला आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथली घोषणा, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा ही तिथली रीत. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; तरीही बांबू गावाबाहेर न्यायचा, तर वाहतूक परवाना वनखात्याकडूनच घ्यावा लागे, त्यामुळे हक्क गावाचा आणि शिक्का खात्याचा अशी स्थिती होती. एप्रिल २०११ मध्ये ते परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. माझ्या मते स्वशासन त्या दिवशी पुरे झाले, कारण मालाची विक्री, दर आणि त्याचा हिशेब या साऱ्यांची जबाबदारीही तेव्हाच गावावर आली.

तेव्हा सरपंच व सदस्यांच्या कारभाराविषयी लिहिताना 'स्थानिक स्वराज्य' म्हणावे आणि 'स्वशासन' हा शब्द ग्रामसभेच्या प्रत्यक्ष अधिकारासाठी राखावा. आपले गाव अनुसूचित क्षेत्रात असेल, तर एखादा पाडाही ठरावीक प्रक्रियेने स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली वेगळी ग्रामसभा भरवू शकतो. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांत तशी तरतूद आहे.