जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही घरी उघडायचा असेल तर सिरीज बल्ब (सेटच्या मेन लाइनमध्ये मध्येच जोडलेला बल्ब) पुरेसा असतो का?

नाही. तुम्ही लिहिलंय की सेट २१ इंची रंगीत आहे, चालू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं चित्र धूसर असतं, वरच्या कोपऱ्यात जांभळा डाग आहे, आणि १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला की शॉक बसत नाही असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. डागाचं नंतर बघू. हे बल्बचं वाक्य पुण्यात मी मेकॅनिक लोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आधी तेच आकड्यांत मांडतो.

१०० वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स पेटलेला असताना ५३० ओहमच्या आसपास असतो, थंड असताना जेमतेम ४०. माणसाच्या अंगाचा साधारण हजार ओहम किंवा त्याहून जास्त. दोन्ही सिरीजमध्ये आले की २३० व्होल्टपैकी बहुतेक अंगावर येतात आणि बल्ब जेमतेम लाल होतो. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब करंट ०.४३ अँपिअरवर अडवतो, म्हणून आउटपुट ट्रान्झिस्टर वाचतो. माणूस मरायला याच्या पावपट करंट पुष्कळ झाला. बल्ब सेटसाठी असतो.

माणसासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, २३० ते २३० व्होल्ट, ५०० व्हीए. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, मागून घ्या आणि दोन्ही वाइंडिंग वेगळी आहेत का ते मीटरने तपासा. घरचा स्टॅबिलायझर चालत नाही, तो ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो, लाइन आतून सलग येते. प्लग उलटा घालूनही काही होत नाही. ब्रिज रेक्टिफायर असला की प्लग कसाही घाला, प्रायमरीची, म्हणजे थेट मेन्सला जोडलेल्या भागाची, ग्राउंड लाइव्हच राहते.

ट्यूबवर २२ ते २६ किलोव्होल्ट असतात. सेट बंद करून प्लग काढल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते, कारण आतला थर, काच आणि बाहेरचा काळा ग्रॅफाइटचा थर मिळून कपॅसिटरच झालेला असतो. डिस्चार्ज करताना ट्यूबच्या पाठीवरून ताणलेल्या उघड्या विणीच्या तारेला क्लिप लावा, चॅसिसला कधीच नाही, नाहीतर तो झटका बोर्डावरच्या आयसींमधून जातो. क्लिपच्या वायरीत काही मेगओहमचा हाय-व्होल्टेज रेझिस्टर असावा. वायरीचं दुसरं टोक लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याला जोडा आणि ते पातं ट्यूबला येणाऱ्या जाड वायरीच्या रबरी टोपीखाली सरकवा, दुसरा हात पाठीमागे. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा करा, काचेत मुरलेला चार्ज परत वर येतो. पॉवर सप्लायचा मेन कपॅसिटर वेगळा डिस्चार्ज करायचा, त्यावर ३०० व्होल्टच्या वर असतात. २.२ किलोओहम १० वॅटचा रेझिस्टर त्याच्या दोन टोकांवर काही सेकंद धरा आणि मीटरने शून्य बघा.

आता धूसर चित्र. कोथरूडमधल्या एका घरातला सेट ऐन पावसाळ्यात याच तक्रारीने टेबलावर आला होता. आधीच्या मेकॅनिकने एलओटी (ट्यूबचं हाय-व्होल्टेज तयार करणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) बदलला होता, त्याचे पैसे घेतले होते, तरी चित्र सुरुवातीला धूसर आणि तापल्यावर स्वच्छ. हे 'तापल्यावर स्वच्छ' ज्याला ऐकू येतं तो एलओटीला हात लावत नाही. ट्यूबच्या मानेवरचं सॉकेट काढून फोकस पिनच्या कप्प्याचं झाकण उघडलं, तर स्पार्क गॅपच्या दोन टोकांमध्ये हिरवट बुरशीसारखा गंज. दमट हवेत त्यातून फोकसचे काही किलोव्होल्ट गळतात, आणि ट्यूबच्या फिलामेंटच्या उष्णतेने ओल सुकली की गळती थांबते. सॉकेट बदललं, काम झालं. घासून पुन्हा बसवू नका, दुसऱ्या पावसाळ्यात तेच होतं. नवं घेताना जुनं सोबत न्या. जाड आणि बारीक मानेच्या ट्यूबची सॉकेटं वेगळी असतात. ओढताना सरळ मागे ओढा, वाकडा जोर लागला की मान तडकते आणि ट्यूब गेली.

त्याच सेटवर नव्या एलओटीचा स्क्रीन पॉट (ट्यूबच्या स्क्रीन ग्रिडचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा) कुणी जुळवलाच नव्हता. काळा भाग राखाडी आणि तिरक्या पांढऱ्या रेघा, म्हणजे स्क्रीन जास्त. पण त्याआधी बी प्लस, म्हणजे एलओटीला जाणारा मुख्य डीसी सप्लाय, बघा. २१ इंचीत बहुधा ११० ते ११५ व्होल्ट, नेमका आकडा बोर्डावर किंवा सर्किटवर छापलेला असतो. मोजायचं फिल्टर कपॅसिटरवर. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला मीटर लावलात तर तिथल्या हजारभर व्होल्टच्या पल्सने मीटर जातो. चित्र मोठं दिसावं म्हणून प्रीसेट फिरवून बी प्लस वाढवणं हा गुन्हा आहे. ईएचटी, म्हणजे ट्यूबवरचे किलोव्होल्ट, वाढतो, एक्स-रे वाढतात, ट्रान्झिस्टर उडतो. मग अर्धा तास सेट तापू द्या, कलर शून्यावर आणा, स्क्रीन कमी करत रेघा घालवा. काळपट भागात रंगाची झाक असेल तर सॉकेट बोर्डावरचे कटऑफचे प्रीसेट जुळवा, उजळ भागात असेल तर ड्राइव्हचे. फोकस शेवटी, अक्षरं बघून. फिरवायला प्लास्टिकचाच ड्रायव्हर. मानेवरच्या रंगाने सील केलेल्या चुंबकाच्या रिंगा मात्र हलवू नका, डाग त्यांच्यामुळे आलेला नसतो.

डागासाठी शेजारचा स्पीकर किंवा स्टॅबिलायझर हलवा. सेट नेहमी रिमोटने बंद करत असाल तर मेन स्विचने बंद करून अर्धा तास गार होऊ द्या. बऱ्याच सेटमध्ये डिगॉसिंग (ट्यूबमध्ये शिरलेलं चुंबकत्व घालवणं) मेन स्विचवरच चालतं. चालू करताना 'धम्म' ऐकू आलं नाही तर डिगॉसिंगच्या कॉइलचा करंट सांभाळणारा पॉझिस्टर बहुधा गेलाय.

राहिलं एक. घरात ३० मिलीअँपिअरचा, करंटची गळती पकडणारा ब्रेकर असला तरी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पुढे तो काहीच ओळखत नाही. एका हाताने चॅसिस आणि दुसऱ्याने बी प्लस धरलात तर ट्रान्सफॉर्मरही वाचवणार नाही. आणि घरात दुसरं माणूस नसेल त्या दिवशी सेट उघडू नका.