वजनकाटा, क्रिएटिन आणि भरून आलेल्या मांड्या

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा, कबड्डीत 70 किलोखालील कुमार गटात खेळतो. वजन 69. रात्रीचे सामने झाले की दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरवत नाही. जिममध्ये व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर), बीसीएए (अमिनो आम्लांची पावडर) आणि क्रिएटिन (स्नायूंच्या ताकदीसाठीची पावडर) असे तीन डबे सांगितलेत. आठवड्यावर निवड चाचणी आहे. काय घ्यावे? (एक पालक, सांगली)

उत्तर : क्रिएटिन आत्ता नकोच. ते वाईट आहे म्हणून नव्हे, काट्यासाठी. क्रिएटिन स्नायूंत पाणी धरून ठेवते. रोज 20 ग्रॅमचे ‘लोडिंग’ (सुरुवातीचे काही दिवस जादा डोस) केले तर आठवड्यात किलो-दीड किलो सहज वाढते आणि मुलगा चाचणीआधीच बाद. हंगाम संपल्यावर रोज 3 ते 5 ग्रॅम साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट पुरते. स्नायूंत क्रिएटिनचा साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात, एवढेच.

बीसीएएचा डबा दुकानातच राहू द्या. स्नायूंच्या बांधणीला नऊ आवश्यक अमिनो आम्ले लागतात, त्यातली तीनच त्यात असतात. ती अंड्या-दुधात आहेतच.

व्हेचे उत्तर ताटात शोधा. किलोमागे 1.6 ग्रॅम धरले तर त्याला दिवसाला 110 ग्रॅम प्रथिने हवीत. चार अंडी 24, अर्धा लिटर दूध 16, 50 ग्रॅम कोरडे सोया चंक्स 25, 50 ग्रॅम फुटाणे 10; झाले 75. उरलेली भाकरी, डाळ, उसळ, दह्यातून निघतात. हे खरोखर पोटात जात नसेल, तरच एक स्कूप.

खरी गफलत बहुधा वेगळी असते. वजनासाठी दिवसभर पाणी तोडायचे, साडेअकराला सामना संपल्यावर वडापाव खाऊन झोपायचे, आणि सकाळी पुन्हा मैदान. सामना संपताच दोन केळी आणि तीन खजूर द्या, म्हणजे साधारण 70 ग्रॅम कर्बोदके; तासाभरात वरणभात-अंडी. सामन्याआधी व नंतर वजन करा. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर ओआरएस, घोट घोट, दोन-तीन तासांत.

दोन-तीन दिवस मांड्या दुखणे नेहमीचेच. पण लघवी कोलासारखी गडद झाली तर वेदनाशामक गोळी न देता थेट रुग्णालय गाठा.

डब्यावरचा एफएसएसएआय क्रमांक हा खाद्य परवाना आहे, उत्तेजकमुक्त असल्याची हमी नव्हे. नमुन्यात बंदी असलेले द्रव्य सापडले तर ‘डब्यात होते, मला माहीत नव्हते’ म्हणून खेळाडू सुटत नाही. बॅचनिहाय तपासलेलाच डबा घ्या. ‘प्री-वर्कआउट’च्या (व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायच्या पावडरीच्या) वाटेला जाऊच नका.

प्रश्न : फुटबॉल खेळतो, क्रिएटिन घेतो. रक्तात क्रिएटिनिन 1.4 आले. मूत्रपिंड बिघडले का? (पणजी)

उत्तर : एवढ्यावरून सांगता येत नाही. क्रिएटिनचेच शरीरात क्रिएटिनिन होते, शिवाय पिळदार शरीरात ते मुळात जास्त असते. डॉक्टरांना डोस सांगा, सिस्टॅटिन-सी (मूत्रपिंडासाठीची दुसरी रक्तचाचणी) आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी करता येईल का विचारा. निकाल येईपर्यंत डबा बंद.