डोंगरात लपलेल्या अतिरेक्यांवर विमानातून बॉम्ब टाकायचे सोडून जवानांना पायी का पाठवतात?

टाकायचे कुणावर, ते आधी सांगा.

2003 च्या एप्रिल-मे मध्ये जम्मू-काश्मीरच्या पूंछ जिल्ह्यात सुरनकोटच्या वर, हिलकाका भागात अतिरेक्यांविरुद्ध लष्कराची ‘सर्प विनाश’ मोहीम झाली, तेव्हा मी तिकडे होतो. पीर पंजालच्या त्या उतारांवर गुज्जर-बकरवालांचे ढोक आहेत, म्हणजे दगडमातीची, सपाट छपराची घरं. ही मंडळी उन्हाळ्यात जनावरं घेऊन वर येतात, थंडीत खाली उतरतात. अतिरेकी त्याच ढोकांत आणि गुहांत राशन साठवून बसले होते. विमानातून छप्पर दिसतं, छपराखाली कोण आहे ते दिसत नाही. मुलूख आपला, माणसं आपली. आणि बॉम्ब टाकलाच, तरी नंतर जागा धरून बसायला पायीच चढावं लागतं.

तुमच्या प्रश्नापुरतं एवढं पुरे. पण ‘पायी’ म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. वर बसलेल्या प्रत्येक जवानाला रोज पीठ, डाळ, रॉकेल, दारूगोळा लागतो. ते कोण नेतं?

मी नेत होतो. मी एएससीच्या, म्हणजे लष्कराला रसद पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोरच्या, अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्टमध्ये होतो. जनावरांवरून माल नेणारी ही तुकडी. आम्हाला ड्रायव्हर म्हणतात. लग्नाच्या बोलणीत धाकट्या मेहुण्यानं विचारलं, “कुठला ट्रक?” मी म्हटलं, “खेचर.” ओसरीवरची सगळी माणसं हसली. तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला तो “दाजी, तुम्ही लढलात कधी?” एवढं विचारतोच.

माझ्याकडच्या खेचरीचा खुरावरचा नंबर होता 1147, मी तिला गंगी म्हणायचो. पाठीवर सत्तरेक किलो. दिवसा बर्फ वितळून वाटेचा राडा व्हायचा, म्हणून आम्ही पहाटे तीनला निघायचो, तेव्हा राडा गोठलेला असायचा. बत्ती लावायची नाही, खोकायचं नाही. मोरखी हातात धरून मी पुढं, गंगीचा श्वास माझ्या मानेवर. पाय कुठं टाकायचा हे मला कळायचं नाही, तिला कळायचं. ती थांबली की मी थांबायचो. एकदा घाई करून ओढली, तर कमरेएवढ्या ओढ्यात मीच गेलो. ती काठावर उभी राहून बघत होती.

एका दुपारी वर ढग दाटले, हेलिकॉप्टर येईना. एका गढवाली पोराचा पाय घोट्याजवळ मोडला होता. खपच्च्या बांधून त्याला गंगीवर बसवलं आणि खाली निघालो. सहा तास. अख्ख्या वाटेनं त्यानं मला, गंगीला आणि तिच्या आईबापाला शिव्या घातल्या. खाली पोचल्यावर खिशातून चुरगळलेला बिस्किटाचा पुडा काढून तिच्या तोंडापुढं धरला. माझ्याशी शब्द बोलला नाही. हे मी घरी सांगितलं, तर मेहुणा म्हणतो, “म्हणजे गोळी नव्हतीच लागली?”

नव्हती. घसरला होता. डोंगरात माणसं घसरतात.

1971 च्या लढाईत पेडोंगी नावाची खेचरी पाकिस्तान्यांच्या हाती लागली होती. ती पाठीवरच्या मशीनगनसकट परत आली. तिला कुणी विचारलं नाही, लढलीस का म्हणून.

आता थोडं सावरून घेतो. सर्प विनाशमध्येही हेलिकॉप्टरं वापरली, त्यांचा उपयोग झालाच. मी स्वतः चकमक पाहिलेली नाही, आवाज ऐकले. किती अतिरेकी मारले, या आकड्यावरून तेव्हा वाद झाला, त्यात मी पडत नाही. आणि एकदा साफ केलेला डोंगर कायमचा साफ राहत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये त्याच सुरनकोट-मेंढरच्या जंगलांत आठवड्याभरात आपले 9 जवान गेले. तेव्हा ड्रोनही होते.

जानेवारी 2025 मध्ये सेनादिनाचं संचलन पुण्यात झालं, त्यात चार पायांचे रोबो खेचर चालले. मेहुण्यानं लगेच व्हिडिओ पाठवला, “दाजी, तुमची नोकरी यंत्रानं खाल्ली.” चांगलं आहे, पोरांचे जीव वाचत असतील तर येऊ दे यंत्र. पण ते बारा-पंधरा किलो उचलतं. पाण्याचा भरलेला जरीकेन वीस किलोचा असतो, भाऊसाहेब.