मितभाषी, नम्र नॉर्वेजियन स्वभाव कादंबरीच्या नायकाला कसा घडवतो?

तुम्ही विचारलंय की नॉर्वेजियन लोकांचा तो प्रसिद्ध नम्रपणा कादंबरीच्या नायकाला नुसता रंग देतो, की गोष्टही त्यावरच चालते. मी कामानिमित्त तीन वर्षं नॉर्वेतल्या स्टाव्हांगर शहरात काढली, म्हणून उदाहरणही तिथलंच देतो. यूहान हार्स्टाड यांची 2005 सालची कादंबरी आहे, तिच्या लांबलचक नावाचा अर्थ साधारण ‘बझ ऑल्ड्रिन, एवढ्या गर्दीत तू कुठे हरवलास?’ असा. मी इंग्रजी अनुवाद वाचला.

नायक मातियास, स्टाव्हांगरच्या एका रोपवाटिकेत माळी. जन्म नेमका 1969 साली माणूस चंद्रावर उतरला त्या रात्रीचा. असा मुहूर्त साधून आलेल्या पोराने खरं तर आर्मस्ट्राँगचं वेड घ्यायचं. हा ऑल्ड्रिनचं घेतो, कारण तो चंद्रावर पाऊल ठेवणारा दुसरा. काम चोख व्हावं आणि आपलं नाव कुणाच्या लक्षात राहू नये, एवढीच याची महत्त्वाकांक्षा. गळा मात्र असा की मित्राच्या बँडला तो गायक म्हणून हवा असतो. हा नाही म्हणतो, आणि पुन्हा पुन्हा नाहीच म्हणतो.

पुढे प्रेयसी हेले सोडून जाते, रोपवाटिका बंद पडते, आणि बँडबरोबर उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गेलेला मातियास भर पावसात रस्त्यावर पडलेला सापडतो. खिशात 15,000 क्रोनर, ते आले कुठून याचा त्यालाच पत्ता नाही. एक मानसोपचारतज्ज्ञ त्याला गाडीत घेतो आणि एका चिमुकल्या गावात आपल्या आश्रयाला आणतो.

यात खलनायक कोणीच नाही, हे बघा. जो माणूस कुणाची वाट अडवायची नाही असं ठरवून जगला, तो हेलेच्या आयुष्यातूनही तसाच, न अडवता, बाजूला होतो. म्हणजे गोष्ट घडते ती या नम्रपणामुळेच. मला तर अर्ध्या कादंबरीनंतर वाटायला लागलं की याला नम्रपणा म्हणणंही चूक आहे. ही भीती आहे, फक्त चांगले कपडे घातलेली.

आता यात नॉर्वेजियन काय? तिथे ‘यान्तेचा कायदा’ हा शब्द रोजच्या बोलण्यात येतो. आक्सेल सांडेमोसे यांनी 1933 च्या कादंबरीत यान्ते नावाच्या काल्पनिक गावाचे दहा नियम लिहिले. पहिला साधारण असा: तू कुणीतरी आहेस असं समजू नकोस. बाकीचे नऊ त्याचेच भाऊबंद. गंमत म्हणजे सांडेमोसे जन्माने डेन्मार्कचे, आणि ते गावही त्यांच्या डॅनिश जन्मगावावर बेतलेलं. पण नॉर्वेनेही ते आपलंच मानलं. लेखकाने ते कौतुकाने लिहिलं नव्हतं, गाव माणसाला कसं दाबतं हे दाखवायला लिहिलं होतं, हे मात्र पुष्कळ जण विसरतात.

मला हा कायदा कळला तो ऑफिसात. वर्षअखेरीचा फॉर्म भरायचा होता, त्यात ‘तुमची बलस्थानं’ असा रकाना. मी पुण्याहून शिकून आलेलो, पानभर लिहिलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याच्या डिझाइनवर आमचा अख्खा प्रकल्प उभा होता, त्याने एकच ओळ लिहिली होती: ‘वेळेवर येतो.’ मी हसलो. तो हसला नाही, ब्राऊन ब्रेडवरचं ब्राऊन चीज खात राहिला. माझा फॉर्म मी गुपचूप मागे घेतला आणि चार ओळींवर आणला.

आपल्याकडे कुणी म्हणेल, यात नवीन काय, तुकोबांनी ‘लहानपण देगा देवा’ म्हटलंच आहे. ऐरावताला अंकुशाचा मार बसतो हा हिशेब मातियासलाही पटला असता. पण तुकोबा लहानपण देवाकडे मागतात, स्वतःहून. यान्तेत ते शेजारी तुमच्यावर लादतो. मातियासची गोची अशी की लादलेलं आणि मागितलेलं यातला फरक त्याला स्वतःलाच सांगता येत नाही.

दोन गोष्टी आणखी, ज्या मला कथानकापेक्षाही आवडल्या. एक म्हणजे निवेदन. बोलायला न धजणारा हा माणूस ‘मी’ म्हणून गोष्ट सांगतो, आणि त्याची वाक्यं संपता संपत नाहीत, स्वल्पविरामांवर स्वल्पविराम. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्याच्या डोक्यात केवढा गोंगाट असतो ते तिथे ऐकू येतं.

दुसरी माझी स्वतःची नोंद, पुस्तकात शोधू नका. 1969 च्या अखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्क तेलसाठा सापडला आणि स्टाव्हांगर पुढे तेलाची राजधानी झालं. म्हणजे मातियास आणि श्रीमंत नॉर्वे एकाच वयाचे. ज्या शहरात सगळा पैसा समुद्राच्या तळातून येतो तिथे हा माणूस कुंड्यांतली माती चाळत बसतो. मला हे फार बोलकं वाटलं.

आणि ऑल्ड्रिन? खरा ऑल्ड्रिन दुसरेपणात अजिबात सुखी नव्हता. पहिलं पाऊल आपलं असावं असं त्याला वाटत होतं, आणि परतल्यावर नैराश्य आणि दारू यांनी त्याला गाठलं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे मातियासने आदर्श निवडला तोही आपल्या स्वभावाच्या चष्म्यातून. शिवाय चंद्रावर कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगच्या हातात होता, त्यामुळे त्या मोहिमेच्या चांद्रभूमीवरच्या छायाचित्रांत जवळपास सगळीकडे दिसतो तो ऑल्ड्रिन. सगळ्यात गाजलेल्या फोटोत पहिला माणूस आहे, पण दुसऱ्याच्या शिरस्त्राणाच्या काचेत, नखाएवढा.

वाचायला घ्याल तर सुरुवातीला जरा दम धरा. फॅरो बेटांवर पाऊस सुरू झाला की मग पुस्तक खाली ठेववत नाही.