पंचाला काय दिसलं? : फुटबॉलच्या वादग्रस्त निर्णयांवर वाचकांचे प्रश्न

कतारविरुद्ध आपल्यावर धडधडीत अन्याय झाला. चेंडू बाहेर गेलेला आम्ही घरी बसून पाहिला. मग सामना पुन्हा का खेळवला नाही?
– रेल्वेतून निवृत्त झालेले वाचक, भुसावळ

आबा, तो सामना आठवला की मलाही त्रास होतो. ११ जून २०२४, दोहा. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत छांगतेच्या गोलमुळे आपण १-० ने पुढे होतो. ७३व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवलेला चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि युसूफ आयमनने जाळ्यात मारला. दक्षिण कोरियाचे पंच किम वू-सुंग यांनी गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचाला मदत करणारी यंत्रणा, नव्हती. आपण २-१ ने हरलो आणि बाहेर पडलो. फुटबॉल महासंघाने तक्रार केली, निकाल मात्र तसाच राहिला.

याचं कारण फुटबॉलच्या नियमावलीतल्या नियम ५ मध्ये आहे. मैदानावर काय घडलं, चेंडू बाहेर गेला का, गोल झाला का, याबद्दल पंचाचा निर्णय अंतिम असतो. नजर चुकली म्हणून सामना पुन्हा होत नाही. पंचाने नियमच चुकीचा लावला, तर गोष्ट वेगळी.

२००५ मध्ये ताश्कंदला उझबेकिस्तान-बहरीन सामन्यात तेच झालं. उझबेकिस्तानने पेनल्टीवर गोल केला, पण किक मारण्याआधीच त्यांचा एक खेळाडू पेनल्टी क्षेत्रात घुसला होता. तेव्हाच्या नियमानुसार अशा वेळी पेनल्टी पुन्हा घ्यायला हवी होती. जपानी पंचांनी थेट बहरीनला फ्री किक दिली. उझबेकिस्तान १-० ने जिंकला, तरी त्यांनीच तक्रार केली, ३-० असा निकाल द्या म्हणून. फिफाने सामनाच रद्द करून पुन्हा खेळवला. तो १-१ सुटला, परतीचा ०-० झाला आणि परक्या मैदानावरच्या गोलच्या जोरावर बहरीन पुढे गेलं!

आपली तक्रार नजरेच्या चुकीची होती. माझं स्पष्ट मत आहे की विश्वचषकाचं भवितव्य ठरवणारा एकही सामना व्हीएआरशिवाय खेळवू नये. खर्चाचं कारण मला पटत नाही.

२०२२ च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध जपानचा चेंडूसुद्धा बाहेर दिसत होता. तो कसा चालला?
– अकरावीचा विद्यार्थी, शिरपूर

मित्रा, शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेषेजवळ चेंडू ठेव. आधी बाजूने पाहा, मग बरोबर वरून. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर. म्हणजे त्याचा जमिनीला टेकलेला बिंदू रेषेच्या बाहेरच्या कडेपासून जवळपास ११ सेंटीमीटर दूर असला, तरी वरून पाहताना चेंडूची कड रेषेवरच असते. नियमानुसार पूर्ण चेंडूने पूर्ण रेषा ओलांडली पाहिजे. जपानच्या मितोमाने मागे दिलेला तो चेंडू १.८८ मिलिमीटरने आत होता. तनाकाने त्यावर गोल केला, जपानने स्पेनला २-१ ने हरवलं आणि त्याच गटातली जर्मनी घरी गेली. तो सामना बरोबरीत सुटला असता, तर जपानऐवजी जर्मनी पुढे गेली असती. कतारविरुद्धच्या आपल्या सामन्याशी मात्र याची तुलना करू नकोस. तिथे चेंडू सरळसरळ बाहेर होता.

मुलींना मॅराडोनाच्या हाताच्या गोलबद्दल सांगितलं, तर त्या म्हणाल्या, पंच विकला गेला असणार. काय उत्तर देऊ?
– क्रीडाशिक्षिका, अमळनेर

ताई, आधी त्यांना फळ्यावर उभ्या राहण्याच्या जागा काढून दाखवा. २२ जून १९८६, मेक्सिकोतलं अझ्टेका स्टेडियम, विश्वचषकातला अर्जेंटिना-इंग्लंड सामना. इंग्लंडचा गोलकीपर शिल्टन आणि अर्जेंटिनाचा मॅराडोना एकदमच उडाले. ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर मागे होते. हात आणि डोकं त्यांच्या नजरेत एकाच ठिकाणी आले. त्यांनी बल्गेरियाचे लाइन्समन बोगदान दोचेव यांच्याकडे पाहिलं. दोचेव यांचा झेंडा वर गेला नाही. गोल दिला गेला. पंचाने न पाहिलेलं सांगणं हे लाइन्समनचं काम, आणि खरी साखळी तिथे तुटली. इंग्लंडचा राग रास्त आहे, बिन नासरवर बेइमानीचा शिक्का मारणं रास्त नाही. चारच मिनिटांनी मॅराडोनाने अर्ध्या मैदानातून पळत दुसरा गोल केला, तेव्हा त्याला अडवण्याचा प्रयत्न होऊनही याच पंचांनी शिट्टी वाजवली नाही, खेळ चालू दिला. मुलींना तेही सांगा.

पुरावा असेल तिथे मात्र पंचालाही सोडू नये. २०१६ च्या दक्षिण आफ्रिका-सेनेगल सामन्यात चेंडू गुडघ्याला लागला असताना हँडबॉल देणाऱ्या जोसेफ लॅम्पटी यांच्यावर फिफाने तहहयात बंदी घातली आणि सामना पुन्हा खेळवला.

व्हीएआर आलं तरी भांडणं का?
– वाचक, नंदुरबार

रेषेचा प्रश्न यंत्र सोडवतं, हात मुद्दाम लागला का हे माणूसच ठरवतो. २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पंच पितानांनी क्रोएशियाच्या पेरिसिचचा हँडबॉल पडद्यावर पाहिला, फ्रान्सला पेनल्टी दिली आणि वाद आजही चालू आहे.

एका खेळाडूला तीन पिवळी कार्डे? खरं आहे का?
– शालेय सामन्यांचे नवे पंच, चोपडा

खरं आहे. २००६ चा विश्वचषक, स्टुटगार्ट, क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया. दोन पिवळी कार्डे झाली की खेळाडू बाहेर जातो. पण क्रोएशियाच्या सिमुनिचला दुसरं पिवळं कार्ड दाखवताना पंच ग्रॅहम पोल यांनी नोंद केली ती ऑस्ट्रेलियाच्या ३ नंबरवर. सिमुनिचचा नंबरही ३ च होता. म्हणून तो मैदानावरच राहिला आणि त्याला तिसरं पिवळं कार्ड मिळालं. तुम्ही कार्डावर आधी संघाचा रंग लिहा, मग नंबर, आणि लिहून होईपर्यंत खेळ सुरू करू नका.