वयाचा दाह, सांधेदुखी आणि नव्या गोळ्या : वाचकांचे प्रश्न

वय वाढले की शरीरात बारीक दाह वाढतो, हे बऱ्याच जणांनी वाचलेले दिसते. दाह रोखणारी नवी औषधे आली आहेत, हेही त्यांना ठाऊक आहे. या दोन गोष्टी जोडून जो तो घरच्या वडीलधाऱ्यांचा उपचार परस्पर ठरवतो आहे. पत्रे त्याचीच येत आहेत, म्हणून निवडक उत्तरे.

हेल्थ पॅकेजमध्ये सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारी तपासणी) ६ आला. वय ६४. लॅबवाले म्हणतात, वयाचा दाह आहे, औषध सुरू करा. (हुक्केरी)

एका आकड्यावर औषध सुरू करायचे नसते. हिरड्यांतला पू, लघवीतला संसर्ग, पोटावरची चरबी, साधी सर्दी, कशानेही सीआरपी वर जातो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि दोन्ही अहवाल तुमच्या डॉक्टरांना दाखवा. क्लॉडिओ फ्रान्चेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने २००० साली या वयाच्या दाहाला नाव दिले, पण निव्वळ त्यासाठी मान्यता मिळालेले औषध आजही नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे १०,००० रुग्णांवर कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. दाह उतरला, पुढचे झटकेही काहीसे घटले, पण संसर्गाने होणारे मृत्यू वाढले. लॅबचे काम रक्त तपासण्याचे. औषध त्यांनी सुचवू नये.

आमवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी रोज घेतली तर लवकर गुण येईल का? (खानापूर)

नाही. ती आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. पाकिटावर वार ठळक लिहून घ्या, आणि चुकून रोज घेतली गेली असेल तर आजच रुग्णालयात जा.

आईला आमवात आहे, वय ६७. नणंदेला टोफासिटिनिबने आठ दिवसांत आराम पडला. तीच चिठ्ठी दाखवून इथल्या दुकानात गोळ्या मिळतात. सुरू करू का? (चिकोडी)

करू नका. या महिन्यात असा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमवातात इंटरल्यूकिन-६ सारखे निरोप पेशीच्या बाहेरच्या कडेला येऊन चिकटतात. आतल्या बाजूला ‘जॅक’ नावाची विकरे असतात, ती हा निरोप पुढे पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचवतात आणि दाहाची जनुके कामाला लागतात. टोफासिटिनिब या विकरांनाच अडवते. म्हणून आराम झपाट्याने पडतो, आणि योग्य रुग्णाला ही गोळी खरोखर वरदान आहे. पण त्याच वाटेने जंतूंशी लढण्याचे आणि रक्तपेशी तयार करण्याचेही निरोप जातात. गावातल्या भांडखोर माणसाचा आवाज बंद करायला सगळ्या गावाची फोनलाइन कापावी, तसा हा उपाय आहे. चोर आला तरी कुणाला कळत नाही.

आपल्याकडचा तो चोर म्हणजे क्षय. लहानपणी शिरलेला जंतू फुप्फुसात वर्षानुवर्षे निजून असतो आणि या गोळ्यांनी जागा होतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, क्षयासाठी माँटू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) तपासणी, कावीळ बी आणि सी, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, यकृत, कोलेस्टेरॉल. नागीण उठण्याचा धोकाही वाढतो. नणंदेच्या या तपासण्या झाल्या असतील. तुमच्या आईच्या झाल्या आहेत का?

शिवाय वय. पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा एखादा तरी धोका असलेल्या ४,००० हून अधिक रुग्णांची चाचणी झाली. त्यात दुसऱ्या जातीच्या इंजेक्शनांपेक्षा या गोळीवर हृदयविकार आणि कर्करोग जास्त आढळले. त्यावरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये कडक इशारा दिला. आईला बीपी किंवा साखर आहे का, घरात तंबाखू आहे का, तुम्ही काहीच लिहिलेले नाही. निपाणी-चिकोडीच्या तंबाखूच्या पट्ट्यात हा तंबाखूचा प्रश्न मी प्रत्येक रुग्णाला विचारते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर असे औषध देणारा दुकानदार तुमच्यावर उपकार करत नाही, गुन्हा करतो. आईला संधिवाततज्ज्ञाकडे न्या. बेळगाव, मिरज, कोल्हापूर, जे जवळ पडेल ते.

रॅपामायसिन हे औषध आणि एनएमएन या पूरक आहाराने वय थांबते म्हणतात. निवृत्त शिक्षक आहे. (टिळकवाडी)

रॅपामायसिन १९९९ पासून मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरतात. २००९ मध्ये त्याने उंदरांचे आयुष्य वाढल्याचे दिसले. माणसांत तसे सिद्ध झालेले नाही. तोंडात फोड, वाढलेले कोलेस्टेरॉल, जखम उशिरा भरणे हे मात्र माणसांत दिसते. एनएमएनच्या डब्यावर पेन्शन घालवू नका.

गुडघ्यात स्टेम सेलचे (मूळपेशींचे) इंजेक्शन, दोन्ही गुडघे घेतल्यास सवलत. घ्यावे का? (निपाणी)

नको. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गुडघ्यासाठी हा उपचार मान्य चाचणीबाहेर देता येत नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. सवलतीचा बोर्ड दिसला की तिथून निघा. जुनाट पेशी मारणारे एक इंजेक्शनही गुडघ्यासाठी तपासले गेले. २०२० मध्ये ते निव्वळ मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरले नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन याविषयी अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला.

वडील ७२. दोन महिने सकाळी खांदे आखडतात. आता कानशिलाजवळ डोके ठणकते, भाकरी चावताना जबडा दुखतो. ऊस तुटला की दाखवू का? (अथणी)

ऊस राहू द्या. हे पत्र हाती आल्याबरोबर आमच्या दवाखान्यातून तुम्हाला फोन केला आहे. इथे छापते ते इतरांसाठी. पन्नाशीनंतर ही लक्षणे एकत्र आली तर कानशिलाच्या धमनीचा दाह असू शकतो. त्यात एका डोळ्याची दृष्टी अचानक जाते आणि बहुधा परत येत नाही. संशय पक्का असेल तर डॉक्टर बायोप्सीची वाट न पाहता त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू करतात. इंटरल्यूकिन-६ चा निरोप अडवणारे टोसिलिझुमॅब २०१७ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्य झाले, पण सुरुवात स्टिरॉइडनेच. स्वतः गोळ्या आणून देऊ नका. वडिलांना आज, रात्र झाली तरी, मोठ्या रुग्णालयात न्या आणि जबडा दुखतो हे तिथे पहिल्या वाक्यात सांगा.