राणीच्या महालातली खुर्ची देवळालीत?

प्रश्न : ताई, देवळाली कॅम्पातल्या आमच्या जुन्या घरात सोनेरी हातांची एक खुर्ची आहे. लॅम रोडवरच्या एका पारशी बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा पणजोबांनी ती घेतली, असं आजी सांगायची. बैठकीखालच्या मागच्या पट्टीवर जळका शिक्का आहे: मुकुट, आणि त्याखाली एकमेकांत अडकलेले दोन ‘व्ही’. शेजारी काळ्या शाईत आकडा आहे. काका म्हणतात, फ्रान्सच्या राजाने टिपू सुलतानाला दिलेली ही व्हर्सायची खुर्ची. सोनेरी रंग उडालाय, एका पायाला भुंगा लागलाय. दिवाळीआधी रंगवून घ्यावी म्हणतोय. फोटो पाठवले आहेत. खरंच राजवाड्यातली असेल का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : आधी रंगाऱ्याला थांबवा. पॉलिश पेपर लागला की त्या खुर्चीने आजवर जे काही जपलंय ते सगळं भुशात जाईल. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या सामानात सगळ्यात जास्त नुकसान भुंग्याने केलेलं नसतं, सोनेरी ऑइलपेंटने केलेलं असतं.

आता शिक्का. मुकुटाखाली दोन व्ही ही व्हर्सायची, म्हणजे पॅरिसजवळच्या फ्रेंच राजवाड्याचीच खूण आहे, ते तुम्ही बरोबर ओळखलंत. फ्रान्सच्या राजाचं सामान सांभाळायला १६६३ पासून वेगळं खातं होतं. तिथे सामान आलं की वहीत नोंद व्हायची: तारीख, कारागीर, कोणत्या दालनासाठी, लांबी-रुंदी, कोरीव काम, कापड. तोच क्रमांक सामानावर पडायचा. या वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि पियेर व्हेर्ले या अभ्यासकाने त्या आकड्यांवरून कितीतरी हरवलेल्या वस्तू पुन्हा ओळखून दिल्या. म्हणून तुमच्या खुर्चीवरचा आकडा शिक्क्याहून महत्त्वाचा. त्या क्रमांकापुढे वहीत खुर्चीऐवजी कपाट निघालं, तर गोष्ट तिथेच संपते.

राजवाड्यातलं सामान देवळालीपर्यंत येणं अशक्य आहे का? मुळीच नाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर व्हर्सायमधल्या सामानाचा लिलाव झाला, ऑगस्ट १७९३ ते ऑगस्ट १७९४, सतरा हजारांहून जास्त लॉट. राजाच्या खुर्च्या व्यापाऱ्यांच्या हाती गेल्या, देशाबाहेर गेल्या. काकांच्या म्हणण्यालाही थोडा आधार आहे. टिपूचे दूत ऑगस्ट १७८८ मध्ये व्हर्सायला फ्रान्सच्या राजासमोर, सोळाव्या लुईसमोर उभे राहिले होते, आणि त्यांना सेव्हर या फ्रेंच कारखान्यातली चिनी मातीची भांडी भेट मिळाली होती. पण श्रीरंगपट्टणपासून लॅम रोडपर्यंतचा एकही कागद तुमच्याकडे नाही. जमिनीच्या सातबाऱ्यामागे जसे फेरफार लागतात, तसे वस्तूच्या मागे मालक लागतात. मधला एक फेरफार गायब असला की तलाठी मान हलवतो.

शिक्क्यावर एकट्यावर विसंबू नका, कारण लोखंडी ठसा कुणालाही बनवून घेता येतो. खुद्द व्हर्सायच्या संग्रहाने विकत घेतलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचं २०१६ मध्ये उघड झालं. त्या प्रकरणात या विषयातल्या एका नामांकित जाणकाराला आणि एका निष्णात कारागिराला २०२५ मध्ये शिक्षा झाली. तिथे हे घडतं, तर आपण किती जपून बोलायला हवं!

आता तुमचे फोटो. तिसरा फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक वक्र रेघा आहेत, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. हाताच्या करवतीने चिरलेल्या लाकडावर रेघा सरळ येतात. अशा वक्र रेघा गोल, यंत्रावरच्या करवतीच्या. ती करवत सुतारकामात रुळली एकोणिसाव्या शतकात, म्हणजे सोळावा लुई आणि त्याची राणी मारी आंत्वानेत गेल्यानंतर. आणि शिक्का नेमका त्या रेघांच्या वर जळलेला आहे. लाकूड आधी यंत्रावर चिरलं, शिक्का नंतर बसला. मला हे वाईट वाटून सांगावं लागतंय, पण त्या पट्टीवरचा शिक्का राणीच्या काळातला नाही.

एक शक्यता मात्र उरते. जुन्या खुर्चीची मोडकी पट्टी कुणीतरी नंतर बदललेली असू शकते. म्हणून बाकी तीन पट्ट्या बघायला हव्यात. हातावरचं सोनंही बघा. जिथे ते झिजलंय तिथे आधी लाल मातीचा थर आणि त्याखाली खडू-सरसाचा पांढरा थर दिसतोय, म्हणजे सोन्याचा वर्ख जुन्या पद्धतीने चढवलाय. हे काम एकोणिसाव्या शतकातले चांगले कारागीरही तसंच करत. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याची पत्नी युजेनी हिला मारी आंत्वानेतचं फार वेड होतं; १८६७ मध्ये तिच्या पुढाकाराने त्या राणीच्या वस्तूंचं प्रदर्शन व्हर्सायच्या आवारातल्या पेती त्रियानों या छोट्या महालात भरलं होतं. त्या काळात सोळाव्या लुईच्या धाटणीच्या खुर्च्या पॅरिसमध्ये खूप बनल्या, आणि उत्तम बनल्या. तुमची त्यातली असावी असं माझं मत आहे. तशी असली तरी ती ऑइलपेंटच्या लायकीची नाही.

भुंगा जिवंत आहे का ते आधी बघा. पायाखाली काळा कागद ठेवा; आठवडाभरात ताजी पांढरट पूड पडली तर जिवंत आहे. मग त्या भोकांमध्येच सिरिंजने औषध भरून घ्या, सोन्याला थेंब लागू न देता. बैठकीचं जुनं कापड, आतले केस, तागाचे पट्टे कुशनवाल्याला काढू देऊ नका. कापडाच्या आत एखादी कागदी चिठ्ठी चिकटलेली असू शकते, आणि बऱ्याचदा दालनाचं नाव तिच्यावरच असतं.

आजीच्या पेटीत पावती, लिलावाचं पत्रक, बंगल्याच्या व्हरांड्यातला एखादा जुना फोटो आहे का ते शोधा. त्या घराण्यातलं कुणी अजून देवळालीत असेल तर जाऊन विचारा, वयस्कर माणसं फार काळ थांबत नाहीत. आणि उरलेल्या तीन पट्ट्यांचे आतल्या बाजूचे फोटो मला दिवसाच्या उजेडात, टॉर्च एका बाजूने तिरका धरून काढून पाठवा.